तिळाएवढी वाढ

मूल गावच्या बसस्टँडवरून राईस मिलांकडे निघालं की उजव्या हाताला 'करिष्मा डिजिटल' लागतं. फ्लेक्स, लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं. दुकान एका खोलीचं, पण त्या खोलीतून अर्ध्या तालुक्याचं मोठेपण छापून बाहेर पडलेलं. माणसानं फ्लेक्सवर स्वतःचा फोटो केवढा मागितला, यावरून करिष्मा त्याला ओळखायची. गणपतीएवढा मागणारा यंदा सरपंचकीला उभा राहणार. गणपतीपेक्षा मोठा मागणारा पडणार. आणि बायकोचा फोटो कोपऱ्यात टाका म्हणणारा, जागा महिलांसाठी राखीव झाली की दुसऱ्या दिवशी परत यायचा: "आता बाईचा मोठा कर, माहा कोपऱ्यात. पण डोळ्यात भरला पायजे."

पौषात नथ्थूभाऊ बोरकुटे दुकानात आले, तेव्हा त्यांचं माप तिच्याकडे आधीच होतं. उमरबोडीचे राईस मिलवाले, देवस्थान समितीचे अध्यक्ष. अंग भरलेलं आणि उंची अशी की शटरखालून आत येताना मान झुकवावी लागे. एरवी मान झुकवण्याचा त्यांचा रिवाज नव्हता.

"करिष्मा, तीन कामं आहेत," खुर्चीत बसून, पाय फरशीवर ऐसपैस पसरत ते म्हणाले. "एक, आमच्या शिळेचं माहात्म्य. पुस्तिका. दोन, शिळेचा फ्लेक्स, मागं लावाले. शिळेएवढाच. तीन, माहा कटआऊट. हात जोडून, गेटवर. तोही माह्याएवढाच."

"म्हणजे देवापेक्षा मोठा झाला ना, भाऊ."

"देव छातीएवढाच आहे, बाप्पा. त्याले मी काय करू?"

गेल्या उन्हाळ्यात नथ्थूभाऊंना स्वयंभू शिळा सापडली होती. सापडली म्हणजे ट्रॅक्टर घेऊन गेले तेव्हा सापडली. उमरबोडीच्या पुढे, जंगलाच्या कडेला कोसमटोला म्हणून गोंडांची वस्ती आहे. मेलेल्या माणसांच्या नावानं उभे केलेले गोटे टोल्याबाहेर रांगेत उभे असतात, हे मूलच्या चहावाल्यालाही ठाऊक. त्या रांगेतला शेवटचा गोटा उचलून भाऊंनी आपल्या गावच्या शिवारात टिनाच्या शेडखाली रोवला, शेंदूर फासला आणि गावाला महादेव मिळवून दिला. महादेवाला शेंदूर लावत नाहीत हे कोणाच्या तरी लक्षात आलं, पण तोवर डबा संपला होता.

आता शिवरात्रीच्या आधी जिल्ह्याची समिती पाहायला येणार होती. समितीनं होकार दिला की उमरबोडी क वर्गाचं तीर्थक्षेत्र. डांबरी रस्ता, सभामंडप आणि शिळेभोवती कायमचा सिमेंटचा ओटा. त्यासाठी पुरावा पाहिजे होता, आणि तो भाऊ फाईलमधून घेऊन आले होते.

पुरावा म्हणजे पुरातत्त्व शिकणाऱ्या एका मुलीचा अहवाल. ती मुलगी कधीतरी टोल्यावर राहून गेली होती. तिनं लिहिलं होतं की या परिसरात दोन हजार वर्षांहून जुनी दफनस्थळं आहेत, मृतांसाठी शिळा उभारण्याची रीत वनगावांत आजही चालू आहे, आणि कोसमटोल्याच्या रांगेतल्या शेवटच्या शिळा तर अगदी अलीकडच्या आहेत. भाऊंनी 'दोन हजार वर्षांहून जुनी' एवढ्याच शब्दांखाली लाल रेघ मारली होती.

"एवढंच घे."

"अन् दफनस्थळं?"

"ते पुढं आहे. तू पुढचं काऊन वाचते?"

करिष्मानं तेवढंच घेतलं. अहवालातला फोटोही घेतला आणि संगणकावर कापला. रांग गेली, टोला गेला, शेजारच्या गोट्याला अंग घासणारी बकरी गेली. उरली एकटी शिळा आणि मागे आभाळ. बाकीच्या पुस्तिकेला तिला डोकं लावावं लागलं नाही. माहात्म्याचा साचा तिच्याकडे तयार होता, तालुक्यातल्या बऱ्याच देवांना तो बसला होता. 'ही शिळा दरवर्षी तिळातिळाने वाढते' हे वाक्य साच्यातच होतं. देवाचं नाव बदललं की झालं.

मग फ्लेक्सला आयलेट, दोरीसाठीच्या कड्या, ठोकताना बसायचं बुटकं स्टूल तिनं ओढलं, त्यावर चढून भाऊंच्या डोक्याला टेप लावली आणि त्यांचं माप घेतलं. भाऊंनी टाचा उचलल्या होत्या. तिनं त्या खाली करवल्या.

शिळेचं माप घ्यायला ती स्कूटीनं उमरबोडीला गेली. शेड शिवाराच्या टोकाला, बेहड्याच्या झाडाखाली. आत उदबत्तीचा आणि ओल्या शेंदराचा वास. शिळा तिच्या खांद्याला लागत होती. शेंदराच्या थराखाली काहीतरी उमटलेलं दिसत होतं. तिनं डोळे बारीक केले. पांढरी अक्षरं होती.

"प्राचीन लिपी," नथ्थूभाऊ मागून म्हणाले.

"भाऊ, हा ऑइल पेंट आहे. 'त्र' दिसून राह्यला. खाली सालही आहे."

"मग? लिपी प्राचीन, पेंट नवा."

शेडच्या बाहेर, चपला काढतात तिथे बसलेल्या म्हातारीला हसू आलं. अगदी ठेंगणी म्हातारी, हातभर गोंदण.

"ही सुकरीबाई, टोल्यावरची," भाऊ म्हणाले. "रोज येते. नवऱ्याचा गोटा आहे म्हणते."

"म्हणत नाई. आहेच," सुकरीबाई म्हणाली. "पत्रूचा."

"अवं, तुह्या नवऱ्याले देव करून टाकलं आम्ही! गावच्या बाया सोमवार करून राह्यल्या त्याचे. अन् तू नाराज?"

"करू द्या ना. जितेपणी एक बाई पाहत नोती त्याच्याकडं." म्हातारी पुन्हा हसली. "पण भाऊ, मोहाच्या पंडुमले तो रांगेत पायजे. तेवढा परत द्या."

पंडुम म्हणजे त्यांचा सण. मोहाची फुलं वेचायच्या आधी टोल्यातल्या सगळ्या मेलेल्यांना घास ठेवतात. करिष्माला एवढं माहीत होतं.

"तर मंग घास इथीच आणून ठेव," भाऊ म्हणाले. "नैवेद्यात धरून घेऊ."

"इथी नाई जमत, भाऊ. इथी तो एकटा आहे."

हे ती तक्रारीनं बोलली नाही. उलट भाऊंची काळजी वाटावी तशी बोलली. करिष्मानं शिळेला टेप लावली, आकडा मोबाईलमध्ये टाकला आणि स्कूटीला किक मारली. वाटेत तिला वाटलं, हे एक माप आपण घ्यायला नको होतं. पण ॲडव्हान्स घेतलेला होता.

फ्लेक्स लागले आणि पाठोपाठ भाऊंचा फोन आला.

"तुले टेप वाचता येते का नाई? शिळेचा फ्लेक्स आखूड करून ठेवला, अन् माहा कटआऊट लांब!"

करिष्मा तणतणत गेली. गेटवरचे कटआऊटमधले भाऊ हात जोडून हसत होते. शेजारी खरे भाऊ येऊन उभे राहिले, तर त्यांच्या डोक्यावरून कटआऊटच्या भुवया दिसत होत्या.

"उन्हानं ताणला असन," भाऊ म्हणाले.

"मग शिळेचा काऊन आखडला? दोन्ही एकाच रोलचे आहेत."

तिनं आधी फ्लेक्स मोजला. बरोबर होता. मग शिळेजवळ गेली. शिळा तिच्या कानाला लागली.

खालची माती कोणी उकरली असेल म्हणून ती वाकून पाहू लागली. बुंध्याशी शेंदूर ओघळून मातीवर सुकला होता आणि त्या पापुद्र्याला कुठेही तडा नव्हता. मुंग्यांची एक रांग पापुद्र्यावरून शिळेपर्यंत येत होती आणि तिथून वळसा घालून पलीकडे जात होती.

नथ्थूभाऊंना ते पाहायचंच नव्हतं. ते तिच्या हातातल्या टेपकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"म्हणजे वाढली?"

"भाऊ, माझंच माप चुकलं असन."

"तूच तर लिवलं ना पुस्तिकेत! तिळातिळानं वाढते म्हणून!"

"ते मी सगळ्यांच्यात लिवते."

पण भाऊ ऐकायच्या पलीकडे गेले होते. संध्याकाळपर्यंत उमरबोडीत पेढे वाटले गेले. आठवडी बाजारात ही बातमी वांग्यांच्या ढिगावरून मिरच्यांच्या ढिगावर गेली आणि दुसऱ्या दिवशी राजुऱ्याकडून दोन जीपा भरून माणसं आली. करिष्मानं नवा फ्लेक्स छापला. यावेळी वर चार बोटं जास्तीची ठेवली. तोही पुरला नाही.

भाऊंच्या घरी बिल द्यायला ती गेली तेव्हा त्यांच्या बायकोनं, कमळाबाईंनी तिला चहाला थांबवलं. त्या शिलाई मशीनवर बसल्या होत्या. शेजारी पायजम्यांचा ढीग.

"लोकायचे नवरे या वयात रुंद होते अन् पायजमे आखूड पडते," कमळाबाई म्हणाल्या. "आमच्या घरी उलटंच. सारे दुमडून राह्यली. बाह्याही. टेलरले शिव्या घातल्या, तर तो म्हणते, कपडे जुनेच आहेत, बाई."

"भाऊ बारीक झाले का?"

"बारीक काऊन होतीन? दोन ताटं जेवते." त्यांनी मशीन थांबवली. "काल बुलेट पडली. उभी होती गाडी, अन् पाय टेकलाच नाई. आम्ही लय हसलो. तेही हसले."

चहा गोड होता. करिष्मानं तो घाईनं संपवला. घरी येऊन तिनं मोबाईलमधले आकडे समोरासमोर मांडले, शिळेचे एका बाजूला, भाऊंचे दुसऱ्या. भाऊंचा नवा आकडा नव्हता. पण गेटवर कटआऊटशेजारी उभ्या असलेल्या भाऊंचा एक फोटो होता आणि फोटोवरून माप काढणं हेच तर तिचं पोटापाण्याचं काम होतं. इकडची वाढ आणि तिकडची तूट तिनं वेगवेगळी काढली.

मग पुन्हा काढली.

शिवरात्रीच्या आदल्या आठवड्यात ती कोसमटोल्याला गेली. सागाची पानं गळत होती, रांगेतल्या गोट्यांच्या पायाशी त्यांचा खच पडला होता. रांगेच्या शेवटी पत्रूचा खड्डा होता, कोपरभर खोल. त्यात एकही पान नव्हतं.

"कोणी झाडते का इथी?" तिनं विचारलं.

"नाई," सुकरीबाई म्हणाली. "त्याची जागा आहे ना ती."

म्हातारीनं तिला घरी नेलं. दाराच्या वरच्या लाकडावर एक काळा, तेलकट डाग होता. "पत्रू उंच होता लय. जातायेता डोकं लागे. त्याच्या तेलाचा डाग आहे." हे सांगताना ती लाजली. करिष्मानं सवयीनं टेप काढली आणि डागाची उंची घेतली.

"सुकरीबाई, गोटा वाढते का?"

"वाढते ना. माणूस खुश असला का वाढते. सारा टोला मिळून घास देतो, तर वाढणारच."

"भाताचा घास?"

सुकरीबाईला इतकं हसू आलं की तिनं दाराला धरलं. "भातानं कुठी गोटा वाढते, बाई?" ती सरळ उभी राहिली. तिचं डोकं करिष्माच्या कोपराच्या थोडं वर येत होतं. "मी का जन्माची एवढीशी होती का?"

अंगणात दोन-तीन म्हातारे ऊन खात बसले होते. तेही हसले. सगळे लहानखुरे, सुरकुतलेले, आनंदी.

"आमच्यात तिळतिळ साऱ्यांचा जाते, कोणाले कळतही नाई," म्हातारी म्हणाली. "तिथी देणारा एकच. म्हून म्हणत होती, परत द्या. पत्रूचं काय, तो पुरा होता तेवढा उंच झाला का येईनच घरी."

करिष्मा हे सगळं मनातल्या मनात चेष्टेवारी नेत परत आली. म्हाताऱ्या माणसांची पाठ वाकते, उंची कमी होते. डॉक्टरही हेच सांगतात. टेप ओली झाली की फरक पडतो. फोटोवरून काढलेलं माप चुकू शकतं. तिनं अशी बरीच कारणं जमवली आणि एक काम मात्र केलं. पुस्तिकेची दुसरी आवृत्ती छापायची होती, त्यात तिनं अहवालातलं वाक्य पुरं टाकलं: दफनस्थळं, वनगावं, अलीकडच्या शिळा, सगळं. मुखपृष्ठावर न कापलेला फोटो लावला, रांगेसकट, बकरीसकट. समिती वाचेल, शिळा परत जाईल, विषय संपेल, असा तिचा हिशेब होता.

समिती आली. साहेबांनी पुस्तिका दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि खिशात ठेवली. बाकीच्यांनीही तसंच केलं. माहात्म्य उघडून वाचणारा माणूस करिष्मानं तोवर पाहिला नव्हता, तेव्हाही पाहिला नाही. मुखपृष्ठावरची बकरी पाहून एका बाईंनी 'नंदी कुठी आहे?' एवढं विचारलं.

मग सगळे शेडखाली गेले. शिळा आता करिष्माच्या डोक्याच्या वर गेली होती. वाढीनं शेंदराला भेगा पडून खपल्या गळाल्या होत्या आणि आतली पांढरी अक्षरं उघडी पडली होती. 'पत्रू' स्वच्छ वाचता येत होतं. पण अक्षरं तिनं पाहिली तेव्हा बोटभर होती. आता ती लांबुडकी होऊन दीड बोट झाली होती, फुग्यावर लिहिलेली अक्षरं फुगवल्यावर होतात तशी. रंग कुठेही फाटला नव्हता.

"प्राचीन लिपी," नथ्थूभाऊ म्हणाले. साहेबांनी हात जोडले.

गर्दी पांगल्यावर करिष्मानं भाऊंना गेटवर गाठलं.

"भाऊ, जरा इथी उभे राहा." तिनं त्यांना कटआऊटला पाठ लावून उभं केलं. आता त्यांचं डोकं कटआऊटच्या जोडलेल्या हातांना लागत होतं. "पाहून राह्यले का?"

भाऊंनी मान वर करून पाहिलं.

"तुही मशीन खराब आहे," ते म्हणाले.

"भाऊ, तो गोटा परत देऊन टाका. मोह गळाले लागला."

"आता? क वर्ग होऊन राह्यला अन् आता?" त्यांनी हसून तिच्या पाठीवर थाप मारायला हात उचलला. थाप तिच्या कमरेवर पडली.

दोघांनीही ते लक्षात न आल्यासारखं केलं.

मोह गळला, वेचून झाला. त्याआधी टोल्यावर पंडुमही झाला. पत्रूच्या खड्ड्याशी घास ठेवला असं करिष्माच्या कानावर आलं. सुकरीबाई उमरबोडीला यायची बंद झाली. बाजारात भेटली तेव्हा नव्या मोहाची पुडी करिष्माच्या हातात देऊन म्हणाली, "थोडाच राह्यला आता. दाराची चौकट उंच करून घेऊन राह्यली."

चैत्रातल्या एका दुपारी करिष्मा आयलेट ठोकत बसली होती. बाहेर बुलेट नाही, रिक्षा थांबली. नथ्थूभाऊ शटरखालून आत आले. मान न झुकवता.

"झालं, करिष्मा! क वर्ग! कागद आला!" आवाज तोच, खणखणीत. पेढ्यांचा पुडा त्यांनी टेबलावर सरकवला, टेबल त्यांच्या छातीला लागत होतं. मग ते खुर्चीत चढून बसले. "आता मोठा फ्लेक्स कर. शिळा अजून वाढली. शिडीवर चढून हार घाला लागते."

"तुमचा कटआऊट, भाऊ?"

"जुनाच राहू दे. लय शोभते मी त्याच्यात." ते खूश होते, मनापासून. रस्ता कुठून वळणार, सभामंडपाला कोणाचं नाव, हे सांगत राहिले. बोलताना पाय हलवायची त्यांना सवय लागली होती.

करिष्मानं मोबाईल काढला. दाराच्या चौकटीवरच्या त्या तेलकट डागाचा आकडा तिच्याकडे होता. भाऊंच्या तुटीवरून हिशेब केला तर शिळा अजून त्याच्या वीतभर खाली होती.

ती उठली आणि ज्या स्टुलावर चढून तिनं पौषात त्यांच्या डोक्याला टेप लावली होती, ते स्टूल हळूच खुर्चीपुढे सरकवलं. भाऊंनी बोलता बोलता, खाली न पाहता, दोन्ही पाय त्याच्यावर टेकवले. पाय जेमतेम टेकले.

"हां," ते म्हणाले, "आता बरं वाटून राह्यलं."